बॅकअप ‘पूर्ण झाला’ म्हणतो, पण फाइल सापडत नाही: एक्स्टर्नल ड्राइव्हवरचा बॅकअप कसा तपासावा

लक्षणं

खालीलपैकी एक जरी गोष्ट दिसत असली, तरी बॅकअप नीट चालू आहे असं धरून चालू नका.

- प्रोग्रॅम रोज ‘बॅकअप पूर्ण’ म्हणतो, पण ड्राइव्हवरची सगळ्यात नवी फाइल काही महिन्यांपूर्वीची आहे.
- फोल्डरची नावं सगळी दिसतात, पण आत फाइल नाहीत किंवा शून्य केबीच्या आहेत.
- फोटोची छोटी प्रतिमा दिसते, पण मोठा करून पाहिला की खालचा अर्धा भाग करडा.
- बॅकअप दर वेळी त्याच टक्क्यावर किंवा त्याच फाइलवर अडकतो.
- कॉपी चालू असताना ड्राइव्ह गायब होतो आणि पुन्हा येतो, कधी कधी वेगळं अक्षर घेऊन.
- तासाभरात होणारं काम आता रात्रभर चालतं.
- ड्राइव्ह पासवर्ड किंवा रिकव्हरी की मागतो आणि ती कुणालाच आठवत नाही.
- ड्राइव्हमधून टकटक ऐकू येते, किंवा जोडताच ‘हा ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का’ असं विचारलं जातं.

शेवटचं लक्षण असेल तर ड्राइव्ह काढा आणि मधलं सगळं सोडून ‘इथे थांबा’ हा भाग वाचा. बाकीच्यांनी क्रमाने जावं. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत आणि बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

‘पूर्ण झाला’ या संदेशाचा अर्थ एवढाच, की प्रोग्रॅमला दिलेल्या यादीतलं काम त्याच्या मते संपलं. यादीच अपुरी असेल, किंवा लिहिलेलं परत वाचून पाहिलेलं नसेल, तरी संदेश तोच येतो. म्हणून खालची प्रत्येक तपासणी संदेशाकडे न बघता थेट फाइलकडे बघते.

तारीख बघा

बॅकअपचा प्रोग्रॅम उघडू नका. ड्राइव्ह थेट फाइल एक्स्प्लोरर किंवा फाइंडरमध्ये उघडा, ज्या फोल्डरमध्ये तुमचं रोजचं काम असतं तिथे जा आणि बदलाच्या तारखेनुसार नवं वर लावा. लॅपटॉपवर काल बदललेली फाइल इथेही कालचीच दिसली पाहिजे.

शंका असेल तर डेस्कटॉपवर एक साधी टेक्स्ट फाइल करा, तिच्यात आजची तारीख लिहा, बॅकअप चालवा आणि ड्राइव्हवर ती शोधा. दुसऱ्या दिवशी त्याच फाइलमध्ये एक ओळ वाढवून पुन्हा बॅकअप चालवा. हा दुसरा दिवस टाळू नका. नवी फाइल जाणं आणि बदललेली फाइल जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाताने कॉपी-पेस्ट करणाऱ्यांच्या बाबतीत तर हमखास हेच घडतं: विंडोज विचारतं की आधीच्या फाइलवर नवी ठेवू की वगळू, घाईत ‘वगळा’ दाबलं जातं, आणि नव्या फाइल जात राहतात पण जुन्या फाइलमधले बदल कधीच पोचत नाहीत. हिशेबाची वर्षभर भरत आणलेली एक्सेल फाइल ड्राइव्हवर पहिल्या महिन्यातच अडकलेली असते.

विंडोजची फाइल हिस्टरी (विंडोजमधलीच बॅकअपची सोय) वापरत असाल तर कंट्रोल पॅनेलमध्ये ती उघडल्यावर शेवटची कॉपी कधी झाली ते लिहिलेलं असतं. ड्राइव्हवर मात्र प्रत्येक फाइलच्या नावापुढे कंसात तारीख-वेळ जोडलेली दिसेल. ती वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यामुळे तुमच्या घड्याळाशी जुळली नाही म्हणून गोंधळू नका. विंडोज ११ मधलं ‘विंडोज बॅकअप’ नावाचं ॲप ही वेगळी गोष्ट आहे. ते वनड्राइव्हवर पाठवतं, तुमच्या एक्स्टर्नल ड्राइव्हवर काहीच ठेवत नाही. या नावामुळे फसगत झालेले पुष्कळ आहेत.

मॅकवर टाइम मशीनच्या (मॅकमधल्याच बॅकअपच्या सोयीच्या) बाबतीत एक मेख आहे. ड्राइव्ह जोडलेला नसतानाही जुन्या आवृत्त्या दिसू शकतात, कारण टाइम मशीन काही स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या स्थितीच्या नोंदी, लॅपटॉपच्या आतल्याच डिस्कवर ठेवतं. ती डिस्क गेली की तेही गेले. म्हणून तारीख बघताना ड्राइव्ह जोडलेला असू द्या आणि सेटिंग्जमध्ये त्याच ड्राइव्हच्या नावासमोरची शेवटची तारीख वाचा.

यादीत काय नाही ते शोधा

फाइल हिस्टरी पूर्ण लॅपटॉप घेत नाही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारखी ठरलेली फोल्डर आणि विंडोजच्या लायब्ररीत (फोल्डरांच्या यादीत) घातलेली फोल्डर एवढंच घेते. डी ड्राइव्हवर ‘कामाचं’ नावाचं फोल्डर केलं असेल तर ते तुम्ही स्वतः लायब्ररीत जोडल्याशिवाय कधीही जाणार नाही. असं काय काय आहे ते शोधायला सोपा मार्ग: लॅपटॉपवर मागच्या महिन्यात बदललेल्या फाइल शोधा आणि त्या कोणकोणत्या फोल्डरमध्ये आहेत ते बघा. अकाउंटिंग प्रोग्रॅमचा डेटा, आउटलुकच्या मेलची पीएसटी फाइल, ब्राउझरचे बुकमार्क ही मंडळी बहुधा आडवाटेच्या फोल्डरमध्ये राहतात. शिवाय पीएसटीसारखी फाइल मेलचा प्रोग्रॅम उघडा असताना साध्या कॉपीने जातच नाही. बॅकअपआधी तो प्रोग्रॅम बंद करा.

दुसरी फसवी जागा म्हणजे क्लाउड. वनड्राइव्हच्या फाइलजवळ निळ्या ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल लॅपटॉपवर नाहीच, फक्त तिचं नाव आहे. बॅकअपने घ्यायचं काय? त्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘नेहमी या डिव्हाइसवर ठेवा’ हा पर्याय निवडा, सगळं उतरू द्या, मग बॅकअप चालवा. मॅकवर फोटोंसाठी ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू असेल तर मूळ फोटो आयक्लाउडवर असतात आणि ड्राइव्हवर जातात त्या बऱ्याचशा लहान प्रती.

आता मोजणी. लॅपटॉपवरच्या फोल्डरचं आणि बॅकअपमधल्या त्याच फोल्डरचं ‘प्रॉपर्टीज’ शेजारी शेजारी उघडा. फाइलींची संख्या आणि ‘साइझ’ जुळवा. ‘साइझ ऑन डिस्क’ जुळणार नाही, ते सोडून द्या: एक्सफॅट या फॉरमॅटच्या मोठ्या ड्राइव्हवर एक केबीची फाइलही साधारणपणे १२८ केबी जागा अडवते. लपलेल्या सिस्टिम फाइलींमुळे संख्येत पाच-दहाचा फरक पडला तर हरकत नाही. शेकड्यांत फरक असेल तर फोल्डर सुटलेलं आहे. एकाच फाइलच्या अनेक आवृत्त्या ठेवणाऱ्या प्रोग्रॅमना ही मोजणी लागू होत नाही, कारण तिथे बॅकअपमधली संख्या नेहमी जास्तच येते.

४ जीबीपेक्षा मोठ्या फाइलच जात नसतील तर ड्राइव्हचं फॉरमॅट बघा. ‘फॅट३२’ दिसलं तर कारण तेच: त्यात एका फाइलची कमाल मर्यादा ४ जीबीला एक बाइट कमी इतकी आहे. ड्राइव्हवरचं सगळं दुसरीकडे हलवून एनटीएफएस किंवा एक्सफॅटने फॉरमॅट करा. मॅकलाही तोच ड्राइव्ह लागत असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही.

फाइल परत काढून बघा

बाकी काहीच करायला वेळ नसेल तर निदान एवढं करा.

आधी ड्राइव्ह ‘सेफली रिमूव्ह’ करून काढा आणि पुन्हा जोडा. नुकतीच कॉपी झालेली फाइल लॅपटॉप अनेकदा स्वतःच्या मेमरीतूनच दाखवतो. ड्राइव्हवर ती खराब उतरली असली तरी उघडते आणि आपण निर्धास्त होतो. काढून जोडलं की ती खरोखर ड्राइव्हवरून वाचावी लागते. जमलं तर दुसऱ्याच कंप्युटरला जोडा. लॅपटॉप हरवल्यावर तुम्हाला तेच करावं लागणार आहे, आणि पासवर्ड किंवा रिकव्हरी की हाताशी आहे का हेही तिथेच कळतं. बिटलॉकरची (विंडोजमधल्या ड्राइव्हला कुलूप लावणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की ४८ अंकी असते. ती त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून ठेवणं म्हणजे कुलपाची किल्ली पेटीतच ठेवून पेटी बंद करणं.

मग लॅपटॉपवर ‘तपासणी’ नावाचं रिकामं फोल्डर करा आणि बॅकअपमधून त्यात फाइल काढा. मूळ जागेवर कधीही काढू नका, नाहीतर बॅकअपमधली जुनी किंवा खराब प्रत चांगल्या फाइलवर बसेल. निवड मुद्दाम वेगवेगळी ठेवा: एक ताजी, एक सगळ्यात जुनी, एक मोठा व्हिडिओ, एक झिप, एक फोटो आणि एक फाइल जिचं नाव मराठीत किंवा खूप लांब आहे. व्हिडिओ सुरुवातीला चालतो म्हणून सोडू नका, शेवटच्या मिनिटावर नेऊन बघा. अर्धवट कॉपी शेवटालाच उघडी पडते. झिप फाइल सेव्हन-झिपमध्ये उघडून ‘टेस्ट’ चालवा. फोटो पूर्ण आकारात बघा, कारण छोटी प्रतिमा अनेकदा फाइलच्या सुरुवातीच्या भागातून येते आणि पुढचा भाग फाटलेला असला तरी छान दिसते.

नमुन्यावर समाधान होत नसेल तर फ्रीफाइलसिंक हा मोफत प्रोग्रॅम घ्या. एका बाजूला लॅपटॉपचं फोल्डर, दुसऱ्या बाजूला बॅकअप, आणि तुलना ‘फाइल कंटेंट’ने. फक्त ‘कंपेअर’ दाबा, ‘सिंक्रोनाइझ’ नाही. दोन्हीकडचा प्रत्येक बाइट वाचला जातो, त्यामुळे वेळ लागतो, पण त्याच कामात ड्राइव्हचा भरलेला सगळा भाग वाचून होतो आणि जिथे वाचता येत नाही तिथे चूक लागते. ही पद्धत साध्या फाइल ठेवणाऱ्या बॅकअपसाठी. पूर्ण सिस्टिमची इमेज (सगळ्याची एकत्र प्रत) एका मोठ्या फाइलमध्ये असेल तर त्या प्रोग्रॅमचं ‘व्हेरिफाय’ चालवा, इमेज ड्राइव्हसारखी उघडून चार फाइल बाहेर काढा, आणि रिकव्हरीसाठी बनवलेल्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप एकदा सुरू करून बघा. त्या पडद्यावर एक्स्टर्नल ड्राइव्ह दिसला की तिथूनच बाहेर पडा. ‘रिस्टोअर’ दाबू नका.

तुलनेत अलीकडच्या फाइल खराब आणि सुरुवातीच्या चांगल्या असं चित्र दिसलं, आणि ड्राइव्ह त्याच्या क्षमतेच्या मानाने फारच स्वस्तात मिळालेला असेल, तर खोट्या क्षमतेचा संशय घ्या. असे ड्राइव्ह २ टीबी दाखवतात, आत जागा त्याच्या काही भागाइतकीच असते, आणि ती संपली की पुढचं लिहिलेलं हरवतं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स-मॅकवर एफ३ हे प्रोग्रॅम मोकळी जागा भरून परत वाचतात आणि खरी क्षमता सांगतात. असा ड्राइव्ह दुरुस्त होत नाही. टाकून द्या.

बॅकअप चालतच नसेल तर

फाइल चांगल्या आहेत पण तारीख जुनी आहे, असं असेल तर दोष वेळापत्रकात आहे. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये नव्या कामाला ‘लॅपटॉप चार्जरवर असेल तरच सुरू कर’ ही अट आपोआप लागलेली असते. ‘कंडिशन्स’ या टॅबमध्ये ती दिसेल. बॅटरीवर काम करायची सवय असलेल्याचा रात्रीचा बॅकअप महिनोन् महिने सुरूच होत नाही, आणि सुरूच न झाल्याने चुकीचा संदेशही येत नाही. सोबत ‘सेटिंग्ज’ टॅबमध्ये ‘ठरलेली वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालव’ यावर खूण करा, ती मुळात नसते. मॅकवरही टाइम मशीनच्या पर्यायांत बॅटरीवर बॅकअपचा वेगळा पर्याय आहे.

ड्राइव्हचं अक्षर हे दुसरं नेहमीचं कारण. काम ई ड्राइव्हसाठी लावलेलं, मध्येच पेनड्राइव्ह जोडला, त्याने ई घेतलं आणि बॅकअपचा ड्राइव्ह एफ झाला. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याला शेवटाकडचं एखादं अक्षर, समजा एक्स, कायमचं द्या आणि कामातही तेच बदला.

ड्राइव्ह भरलाय का तेही इथेच बघा. टाइम मशीन जागा संपली की सगळ्यात जुना बॅकअप काढतं. फाइल हिस्टरी मात्र ‘आवृत्त्या कायम ठेवा’ याच मूळ सेटिंगवर असेल तर काही काढत नाही, थांबते. ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘जागा लागेपर्यंत’ हा पर्याय निवडा.

केबल आणि पोर्ट

मध्येच तुटणारी जोडणी आणि अचानक मंदावलेला वेग यांचा पहिला संशयित केबल. तिच्याइतकं स्वस्त आणि तिच्याइतकं वारंवार खराब होणारं या साखळीत दुसरं काही नाही. विशेषतः जुन्या पोर्टेबल ड्राइव्हचं ते रुंद, चपटं, दोन भागांचं मायक्रो-बी टोक ढिलं पडतं. कॉपी चालू नसताना ड्राइव्ह जोडून केबलचं टोक हलकेच हलवा. ड्राइव्ह गेला-आला असं झालं की केबल बदला. नवी केबलही जागेवर घट्ट बसत नसेल तर ड्राइव्हवरचं सॉकेट गेलं आहे.

हब वापरू नका, थेट लॅपटॉपच्या पोर्टला जोडा. यूएसबी २ च्या पोर्टची ठरलेली मर्यादा ५०० मिलीॲम्पिअर, यूएसबी ३ ची ९००. स्वतःचा ॲडॉप्टर नसलेल्या हबवर माउस, कीबोर्ड आणि फिरती हार्ड डिस्क एकत्र आली की चकती वेग पकडतानाच वीज अपुरी पडते. वेगाचं गणितही याच जागी उलगडतं: यूएसबी २ वर प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० एमबी मिळतात, म्हणजे २०० जीबीला दीड-दोन तास. यूएसबी ३ वर साधी पोर्टेबल हार्ड डिस्क १०० च्या आसपास जाते आणि तेच काम अर्ध्या-पाऊण तासात होतं. टाइप-सीच्या टोकाची प्रत्येक केबल वेगवान असते असंही नाही. फोनच्या चार्जरसोबतच्या कित्येक केबल यूएसबी २ च्याच असतात.

ड्राइव्हची तब्येत

इथून पुढे जायच्या आधी एक प्रश्न: ड्राइव्हवर असं काही आहे का, जे लॅपटॉपवर नाही? असेल तर तेवढं आत्ता लगेच दुसरीकडे कॉपी करा. मगच तपासण्या.

विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा. ‘गुड’ एवढ्यावर विसंबू नका, खालच्या तक्त्यातले तीन आकडे वाचा. ते हेक्साडेसिमलमध्ये (० ते ९ आणि ए ते एफ वापरणाऱ्या मोजणीत) दिसतात. ‘रिअलोकेटेड सेक्टर्स’ म्हणजे खराब ठरवून बाजूला काढलेल्या जागा. आकडा छोटा आणि महिनोन् महिने तसाच असेल तर लक्ष ठेवा, वाढता असेल तर ड्राइव्ह बदला. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ जास्त वाईट, कारण या जागा आत्ता वाचताच येत नाहीत, म्हणजे तुमच्या कुठल्या तरी फाइलचा तुकडा कदाचित गेलेला आहे. ‘अनकरेक्टेबल’ शून्यावर असेल तरच बरं. ‘सीआरसी एरर’ वाढलेला दिसला की केबल बदला असं सगळे सांगतात, पण तो आकडा डिस्क आणि डबीतल्या (ड्राइव्हच्या बाहेरच्या आवरणातल्या) सर्किटमधल्या जोडणीचा आहे. बाहेरची यूएसबी केबल खराब असली तरी तो जागचा हलणार नाही. काही डब्या ही माहिती बाहेर देतच नाहीत, मॅकवर तर ‘सपोर्टेड नाही’ असंच बऱ्याचदा दिसतं. ते ड्राइव्ह खराब असल्याचं लक्षण नव्हे.

आकडे स्वच्छ आहेत, पण ड्राइव्ह न सांगता ओढून काढल्यापासून फोल्डर उघडत नाहीत, असं असेल तर फाइल सिस्टिम बिघडली आहे. प्रॉपर्टीजमधल्या ‘टूल्स’ टॅबमधून ‘चेक’ चालवा, मॅकवर डिस्क युटिलिटीचं ‘फर्स्ट एड’. पेंडिंग सेक्टर असलेल्या ड्राइव्हवर मात्र ही दुरुस्ती चालवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. ती मरू घातलेल्या डिस्कला तासन् तास राबवते आणि वाचता न आलेल्या नोंदी काढून टाकते.

इथे थांबा

टकटक किंवा खरखर, चकती फिरून पुन्हा पुन्हा थांबणं, क्षमता शून्य किंवा भलतीच दिसणं, ड्राइव्ह पडल्यावर किंवा भिजल्यावर बंद पडणं, जळका वास, फॉरमॅटची विनंती. यांतलं काहीही असेल तर वीज तोडा.

आता मूळ फाइल कुठे आहेत यावर सगळं ठरतं. लॅपटॉप धडधाकट असेल तर या ड्राइव्हवर वेळ आणि पैसा घालवू नका. नवा घ्या, पूर्ण बॅकअप नव्याने करा आणि वरची तपासणी करा. खराब ड्राइव्ह फॉरमॅट करून पुन्हा बॅकअपला वापरण्यात काही शहाणपण नाही.

लॅपटॉपच गेला असेल आणि हीच एकमेव प्रत असेल, तर परत परत जोडून बघणं, फॉरमॅट, ‘चेक’, त्याच ड्राइव्हवर रिकव्हरीचा प्रोग्रॅम टाकणं, फ्रीजमध्ये ठेवणं, यांपैकी काहीही करू नका. डबी उघडून डिस्क दुसऱ्या डबीत घालायचा मोहही आवरा: कित्येक पोर्टेबल ड्राइव्हमध्ये यूएसबीचं सॉकेट डिस्कच्याच बोर्डावर असतं, आणि काहींत डबीतलं सर्किट डेटा एन्क्रिप्ट करतं (सांकेतिक रूपात लिहितं), त्यामुळे वेगळी काढलेली डिस्क वाचता येत नाही. डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जा. साधी दुरुस्ती करणाऱ्याकडे नाही. जाताना ड्राइव्हसोबत त्याची मूळ डबी आणि एन्क्रिप्शनचा पासवर्ड न्या, काय घडलं आणि त्यानंतर काय काय करून पाहिलं ते खरं सांगा, आणि नेमकी कोणती फोल्डर हवीत त्याची यादी द्या. काम देण्याआधी विचारा: आधी डिस्कची पूर्ण प्रत काढून तिच्यावर काम करणार का, पैसे देण्याआधी सापडलेल्या फाइलींची यादी दाखवणार का, आणि काहीच निघालं नाही तर किती आकारणार. पहिल्याच प्रश्नाला ‘गरज नाही’ असं उत्तर मिळालं तर ड्राइव्ह परत घ्या.